मरणाची वर्दी कशी द्यावी

आमच्या नात्यात किंवा पोळीत (बडोद्यात गल्लीला पोळ म्हणतात) कोणी गेलं की पहिला फोन मला येतो आणि पुढचे साठ-सत्तर मी करते. हे काम मला कोणी दिलेलं नाही. एकतीस वर्षं बडोद्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होते, त्यामुळे लोकांनी परस्पर ठरवून टाकलं की या बाईला सवय आहे. सवय होत नाही हो. हात जरा ठरल्या जागी पडतात, एवढंच. आता माझेच गुडघे आणि कान दोन्ही कुरकुरायला लागलेत, तेव्हा धाकटी जाऊ परवा म्हणाली, "वहिनी, तुमच्या पाठीमागे हे कोण करणार? लिहून तरी ठेवा." तिला म्हणायचं होतं ते मला कळलं. म्हणून लिहिते.

आधी घंटेचं सांगते, कारण मी हे घंटेवरून शिकले.

एक्स्चेंजच्या बोर्डावर माझ्या शेजारच्या खुर्चीवर वसईची एक मैत्रीण बसायची. लग्न होऊन बडोद्याला आलेली, घरी मराठीच बोलणारी ख्रिस्ती. तिचे वडील गावच्या चर्चमध्ये घंटा वाजवायचे. मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची वेगळी, लग्नाची वेगळी आणि मेल्याची वेगळी. मेल्याची घंटा सुरू झाली की वाडीत पाणी लावणारी माणसं हातातलं फावडं तसंच धरून उभी राहायची आणि मोजायची, असं ती सांगे. वडिलांचा नियम एकच. एक टोला द्यायचा आणि थांबायचं. मनात 'नमो मरिया' ही प्रार्थना एकदा पूर्ण म्हणून होईपर्यंत दोरीला हात लावायचा नाही. लहानपणी तिनं एकदा घाईनं दुसरा टोला दिला, तर वडिलांनी दोरी काढून घेतली आणि महिनाभर तिला वर चढू दिलं नाही.

विलायतेतल्या खेड्यांत तर याचा हिशोबच ठरलेला होता. पुरुष गेला तर तीन-तीनचे तीन असे नऊ टोले, बाई गेली तर सहा, लेकरू गेलं तर तीन. मग जरा थांबून जितकं वय तितके टोले. गाव लहान, सगळे सगळ्यांना ओळखणारे. सहा टोले आणि मागून एकाहत्तर ऐकले की शेतातल्या माणसाला नाव विचारायची गरज नसे. बाई की पुरुष, वय काय आणि झालं ते झालं, एवढंच घंटा सांगायची. कसं झालं, कोणाच्या हलगर्जीपणामुळे झालं, शेवटी काय बोलले, यातलं काही नाही. ते सांगायला माणसं होती, ती नंतर घरी जायची.

ज्यांना खरोखरीच घंटा वाजवायची आहे त्यांच्यासाठी माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचे दोन धडे. पहिला, आळस म्हणून लोलकालाच दोरी बांधून ओढू नये. असं केल्यानं लोलक घंटेच्या कडेला दाबून बसतो आणि चांगली जुनी घंटा तडकते. घंटा हलवावी, लोलक आपला येऊन लागू द्यावा. दुसरा, आवाज उदास करायचा तर हळू ओढून होत नाही. लोलकाच्या एका बाजूला चामड्याची गादी बांधतात. मग एक टोला मोकळा पडतो आणि दुसरा लांबून प्रतिध्वनी आल्यासारखा, दबका. इंग्लंडची राणी एलिझाबेथ २०२२ साली वारली, तेव्हा तिच्या अंत्यविधीआधी वेस्टमिन्स्टर ॲबीत दर मिनिटाला एक असे ९६ टोले दिले, तिच्या वयाचे. आम्ही दोघींनी ते फोनवर लावून आपापल्या घरी मोजले. मैत्रिणीचे ९६ भरले, माझे ९४. मध्ये दूधवाला आला होता.

आणखी एक, विषयाला सोडून. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे. मेणवलीची मी पाहिली आहे, भाचीच्या लग्नाला वाईला गेले होते तेव्हा. मैत्रिणीला येऊन सांगितलं, तर म्हणाली, "आमच्या घंटा कधी परत करताय?" मी म्हटलं, लायटनिंग कॉल लाव पेशव्यांना, सगळ्यांत तातडीचा.

आपल्याकडे उलटं. आपली घंटा बोलावणारी. पूजेच्या सुरुवातीला आपण म्हणतोच, 'आगमार्थं तु देवानां'. घरात कोणी गेलं की देवघरातली घंटा बंद. म्हणजे आपल्याकडे वर्दी घंटेच्या गप्प होण्यानं मिळते, आणि वाजते ती टेलिफोनची घंटी. तर त्या घंटीबद्दल.

फोन उचलण्याआधी

घरातल्या माणसानं फोन करू नये. मुलगा, सून, बायको, नवरा यांच्यापैकी कोणीही नाही. त्यांना एका फोनमध्ये तोच प्रसंग एकदा सांगावा लागतो, साठ फोनमध्ये साठदा. शेजारचं, चुलत-मावस नात्यातलं, ऑफिसातलं कोणीतरी एकच माणूस धरावं आणि फोनचं सगळं त्याच्याकडे द्यावं. दोघांनी अर्धी-अर्धी यादी वाटून घेतली की एकाला दोनदा फोन जातो आणि दुसऱ्याला जातच नाही. आणि ज्याला जात नाही तो हमखास मोठ्या जावेचा भाऊ असतो. तो पुढची वीस वर्षं ते विसरत नाही.

नेत्रदान करायचं ठरलं असेल तर नातेवाइकांच्याही आधी नेत्रपेढीला फोन. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि पंखा बंद करायचा. हे रडारडीत कोणाला सुचत नाही, म्हणून वर्दी देणाऱ्यानंच विचारावं, "यांनी फॉर्म भरला होता का?" गप्प बसून नंतर हळहळण्यापेक्षा बरं. डॉक्टरांचा दाखला हातात आला का, तेही त्याच दमात विचारावं. स्मशानात तो लागतो आणि पुढं २१ दिवसांत नगरपालिकेत मृत्यूची नोंद करायला तोच कामाला येतो.

मग एका कागदावर पाच गोष्टी लिहून समोर ठेवाव्यात: पूर्ण नाव, वय, किती वाजता गेले, आत्ता कुठे आहेत (घरी की दवाखान्यात), आणि घरातून किती वाजता निघायचं, कुठल्या स्मशानात. पाठ असलं तरी लिहावंच. दहाव्या फोनला आपलीच जीभ अडखळते. मी एकदा खासवाडीच्या स्मशानाऐवजी वाडीचं सांगितलं आणि तीन माणसं खांदा द्यायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.

निघायची वेळ ठरलेली नसते बहुतेकदा. मुलगा बंगळुरूहून यायचा असतो. अशा वेळी फोनच्या दोन फेऱ्या करायच्या. पहिलीत फक्त जवळचे आणि लांबून प्रवास करून येणारे. वेळ ठरली की दुसरीत गावातले. एकाच फेरीत सगळ्यांना "वेळ नंतर कळवतो" म्हणून सांगितलंत तर पुढचे दोन तास तुमचा फोन वाजत राहतो, आणि ज्याचा यायला हवा त्या शववाहिनीवाल्याचा लागत नाही.

वही

माझ्याकडे लाल पुठ्ठ्याची वही आहे. मोबाईलमध्येही नंबर आहेत, पण मोबाईलमध्ये 'मावशी इंदूर', 'मावशी इंदूर नवीन', 'मावशी इंदूर २' असं असतं. वहीत दर दिवाळीला मी नंबर तपासते, फराळाचं विचारायचं निमित्त करून. बडोद्याच्या मराठी घराचे धागे पाहा कसे असतात: कोणी इंदूरला, कोणी देवासला, कोणी ग्वाल्हेरला, कोणी पुण्या-सांगलीकडे, आणि नातवंडं न्यू जर्सीत. प्रत्येक नावापुढे मी खुणा केल्या आहेत. एकटं राहतं त्याला गोल. ऐकू कमी येतं त्याला फुली. हृदयाचं दुखणं आहे त्याला दोन रेघा, आणि बाजूला शेजाऱ्याचा नंबर. ज्यांना सुतक येतं त्यांना 'सु'. ही शेवटची खूण फार कामाची. सुतक येणाऱ्याकडे त्याच दिवशी मुंज किंवा सत्यनारायण असू शकतो. अशा घरी फोन लावल्यावर आधी विचारावं, "घरात काही कार्य आहे का?" असेल तर घरातल्या एकाच वडीलधाऱ्याला बाजूला घेऊन सांगावं, पुढचं त्यांच्यावर सोडावं. आपण निवाडा करायला जाऊ नये.

क्रम कसा? आधी ज्याला लांबून निघायचं आहे तो. मग वयानं मोठे. मग मानाचे. गावातले शेवटी, त्यांना रिक्षानं पंधरा मिनिटं लागतात. अमेरिकेला आपण दुपारी दोनला फोन लावला की तिथं उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार. तरीही लावावा. "झोप मोडायला नको म्हणून थांबलो" हे वाक्य त्यांना नंतर फार लागतं, मी ऐकलंय.

बोलायचं कसं

एक्स्चेंजात कॉल लागला की नाही हे पाहायला ऑपरेटर क्षणभर लाईनवर थांबते. ऐकायचं नसतं, पण ते चार-पाच शब्द कानावर पडतातच. एकतीस वर्षांत असे किती पडले असतील. वाईट बातमी देणारे बहुतेक जण एकच चूक करायचे: सुरुवात लांबवायचे. "हॅलो, कसे आहात? सगळे बरे ना? नाही, म्हणजे काय झालं, सोमवारपासून जरा दम लागत होता…" तिकडच्या माणसाला पहिल्या 'हॅलो'लाच कळलेलं असतं. मग तो सोमवार, मंगळवार, बुधवार असं जीव मुठीत धरून ऐकत बसतो.

मी असं बोलते:

"नमस्कार मामा, मी बडोद्याहून बोलतेय. (माझं नाव.) बसला आहात ना? जवळ कोणी आहे? …वाईट बातमी आहे. आपले अण्णा आज सकाळी सहा वाजता वारले."

आणि इथं थांबायचं.

हा थांबा म्हणजेच सगळं काम. तोंड मिटून मनात रामरक्षेतला एक श्लोक म्हणायचा, 'आपदामपहर्तारं'पासून 'भूयो भूयो नमाम्यहम्'पर्यंत. तेवढा वेळ तिकडून काहीही येवो, रडणं, शिंक, "अरे देवा", टीव्हीचा आवाज किंवा काहीच नाही, आपण मध्ये पडायचं नाही. "हॅलो, ऐकू येतंय का?" असं तर चुकूनही म्हणू नये. ऐकू आलेलं असतं. नवखी माणसं या शांततेला घाबरतात आणि ती भरायला काहीतरी बोलत सुटतात: सुटले बिचारे, वय झालंच होतं, आम्ही सगळं केलं. दुसरा टोला घाईनं दिल्यासारखं होतं ते. पहिला अजून विरलेला नसतो.

श्लोक संपला की पुढचं सांगायचं: दुपारी तीनला घरून निघणार, खासवाडी. "तुम्हाला यायला जमेल का" असं विचारू नये, त्यानं माणूस पेचात पडतो. वेळ सांगावी आणि "निघालात तर या नंबरवर कळवा" एवढं म्हणावं. कसे गेले हे त्यांनी विचारलं तर एका वाक्यात सांगावं. दोन वाक्यं झाली की दवाखान्याची गोष्ट सुरू होते आणि अजून पन्नास फोन बाकी असतात.

शब्द 'वारले' हाच वापरावा. पत्रिकेत 'देवाज्ञा झाली', 'निवर्तले', 'कालवश' हे सगळं शोभतं, फोनवर नाही. आणि 'गेले' तर मुळीच नको. आमच्या देवासच्या काकांना मी एकदा म्हटलं, "काका, नाना गेले." काका म्हणाले, "कुठे? इंदूरला? मग इकडे चार दिवस पाठवून दे की." मी फोन हातात धरून बसले. आमच्या गुजराती शेजाऱ्यांचं बरं असतं. ते सरळ म्हणतात, 'ऑफ थई गया'. ऐकायला दिवा मालवल्यासारखं वाटतं, पण गैरसमजाला जागा राहत नाही.

खरं सांगावं की 'सीरियस आहेत' म्हणावं?

यावर लोक माझ्याशी भांडतात. पूर्वी तारा यायच्या, 'फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली'. तार हातात घेणाऱ्याला, आणणाऱ्या शिपायाला, दारात उभ्या शेजारणीला, सगळ्यांना अर्थ ठाऊक असायचा. २०१३ साली तारसेवा बंद झाली, पण ते वाक्य अजून चालू आहे.

माझं माहेर ग्वाल्हेरचं, तिथल्या लष्कर नावाच्या भागातलं. त्या रात्री मी ड्यूटीवर होते. ग्वाल्हेरची ऑपरेटर लाईनवर आली. "बडोदा? लायटनिंग है, पी.पी." पी.पी. म्हणजे ठरावीक माणसालाच लाईनवर बोलवायचं. लायटनिंग म्हणजे साध्या कॉलच्या आठपट पैसे. हौसेनं कोणी करत नसे. तिनं नंबर सांगितला, तो दांडिया बाजारातल्या आमच्या वाण्याच्या दुकानाचा. आमच्या घरी फोन नव्हता, निरोप तिथेच यायचे. मी विचारलं, "किसको बुलाना है?" तिनं चिठ्ठीवरून माझं नाव वाचलं, सासरच्या आडनावासकट.

माझ्या हातात कॉर्ड होती, ती तशीच राहिली. म्हटलं, "मैं ही बोल रही हूँ."

ती थोडी थांबली. मग म्हणाली, "बहन, आप बैठी हैं न? पास में कोई है? आपके भाई लाइन पर हैं। मैं लाइन से हटूँगी नहीं।"

भाऊ म्हणाला, "बाबा सीरियस आहेत, निघ लगेच." बास. वसईची मैत्रीण माझ्या बोर्डावर बसली आणि मी घरी जाऊन पिशवी भरली. मथुरेला गाडी बदलून ग्वाल्हेर. सगळा रस्ता मी एका मनानं बाबांना देवाघरी पोचवत होते आणि दुसऱ्या मनानं दवाखान्यात त्यांना भरवायच्या मऊ भाताचा विचार करत होते. आठपट पैसे कोणी सीरियससाठी भरत नाही हे मला, ऑपरेटरला, माहीत होतं. तरी. रडायला बसावं तर मेलेल्या माणसासारखं जिवंत बापासाठी कसं रडायचं? घरी पोचले तेव्हा सगळे रडून मोकळे झाले होते आणि मी एकटीच सुरुवातीला होते.

भावावर माझा राग नाही, त्यानं त्या काळच्या रिवाजाप्रमाणे केलं. पण तेव्हापासून मी कोणालाही 'सीरियस' म्हणून सांगत नाही. अपवाद दोनच. फोन घेणारा गाडी चालवत असेल तर काहीच सांगायचं नाही, "गाडी बाजूला घेऊन मला फोन कर" एवढंच. आणि वहीत गोल किंवा दोन रेघा असलेलं माणूस असेल तर आधी शेजाऱ्याला फोन: "काकूंकडे जाऊन बसा, चहा टाकायला सांगा, मी पाच मिनिटांत त्यांना फोन करते." शेजाऱ्याच्या तोंडून बातमी जाऊ द्यायची नाही, त्यानं फक्त तिथे असायचं. "बसला आहात ना, जवळ कोणी आहे" हे दोन प्रश्न मी त्या ग्वाल्हेरच्या मुलीकडून घेतलेत. तिचं नाव मला कधीच कळलं नाही.

लहान मुलानं फोन उचलला तर आवाज नेहमीसारखा ठेवून "आईला दे" म्हणायचं. आई घरी नसेल तर नंतर.

व्हॉट्सॲप

ग्रुपवर टाकायला माझी ना नाही. पण वहीच्या पहिल्या पानावरच्या सगळ्यांना फोन झाल्याशिवाय टाकायचं नाही, आणि कोणी टाकायचं तेही ठरवून. मोठ्या नणंदेच्या वेळी घरातल्या एका उत्साही पोरानं दहा मिनिटांत हार घातलेला फोटो आणि मेणबत्ती टाकली. पुण्यातल्या तिच्या सख्ख्या बहिणीनं सकाळी चष्मा लावून फोन उघडला तर एकदम चौतीस 'ॐ शांती'. कोणासाठी, हे शोधायला तिला वर वर सरकवत जावं लागलं.

मजकूर असा:

"कळवण्यास अत्यंत दुःख होते की आमचे वडील श्री. ……… (वय ८२) यांचे आज दि. … रोजी सकाळी ६ वाजता राहत्या घरी निधन झाले. अंत्ययात्रा दुपारी ३ वाजता राहत्या घरून खासवाडी स्मशानभूमीकडे निघेल. पत्ता: … संपर्क: …"

संपर्काला वर्दी देणाऱ्याचा नंबर घालावा, मुलाचा नव्हे. गुलाब, पणती, हात जोडलेले यातलं काही नको. कविता तर अजिबात नको. आणि तारीख घाला. असे संदेश फिरत राहतात. एक गृहस्थ दीड महिन्यानं पुढं ढकललेला संदेश वाचून पांढरा सदरा घालून आमच्या पोळीत आले होते. आम्ही त्यांना चहा दिला.

पूर्वी पत्रं जायची तेव्हा हे सगळं कागदावरून न वाचताच कळायचं. कार्डाचा कोपरा फाडलेला, माथ्यावर 'श्री' नाही. गुजरातीत लग्नाची ती कंकोत्री आणि मरणाची ती काळोतरी. काळोतरी उंबऱ्याबाहेर वाचून फाडून टाकायची, घरात आणायची नाही. मोबाईल कुठे फाडणार?

बेसणं आणि पेपर

महाराष्ट्रातून नवीन आलेल्यांना हे माहीत नसतं म्हणून सांगते. आपल्याकडे लोक सांत्वनाला बारा-तेरा दिवस कधीही येतात. इथे गुजरातीत बेसणं असतं: एक दिवस, ठरलेली वेळ, दोन तास. फोटोला हार, पांढऱ्या चादरी, लोक येतात, हात जोडतात, पाच मिनिटं बसतात आणि जातात. बडोद्यातली बरीच मराठी घरंही आता हेच करतात आणि माझ्या मते शहाणपणाचं आहे. घरच्या सुनेला तेरा दिवस येईल त्याला पाणी देत बसावं लागत नाही. गुजराती पेपरात जाहिरात द्यायची तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत मजकूर पोचवा आणि आडनाव गुजरातीत स्वतः लिहून द्या. 'लौकिक व्यवहार बंध राखेल छे' ही ओळ तिथे छापून येते, तिचा अर्थ देण्या-घेण्याच्या रीती बंद ठेवल्यात, कोणी काही आणू नये. आमच्या एका वहिनींना वाटलं, लोकांनी येऊच नये असं लिहिलंय. त्या रुसून आल्याच नाहीत.

पोळीच्या नाक्यावर आमचा फळा आहे, त्यावर खडूनं लिहायला कोणा शाळकरी पोराला लावू नये. अक्षर चांगलं असतं, पण 'कै.' आणि 'चि.' यांत घोळ होतो. झालाय.

यांच्या वेळी

आमचे हे गेले तेव्हा वर लिहिलेलं काहीही मला आठवलं नाही. मी कपाटातून लाल वही काढली आणि वसईच्या मैत्रिणीच्या हातात दिली, एवढंच सुचलं. ती आमच्या हिंचक्यावर बसली, चष्मा लावला आणि दुपारपर्यंत एकेक नंबर फिरवत राहिली. मी आतल्या खोलीत होते. तिचा आवाज येत होता. नाव, वय, वेळ. मग शांतता. त्या शांततेत ती तिचं 'नमो मरिया' म्हणत असणार. मग पुढचा नंबर. किती फोन झाले ते मी मोजायला लागले होते, पण तिसाच्या पुढे कुठेतरी मला झोप लागली.

तेरा दिवस देवघर बंद होतं. शेजारच्या बेन संध्याकाळी येऊन बाहेर पणती लावून जायच्या, आमचं सुतक त्यांना नव्हतं. तेराव्याला उदकशांत झाली. चौदाव्या दिवशी सकाळी मुलानं देव ताम्हनात घेतले, घंटा चिंचेनं घासून ठेवली होती ती उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं वाजवली, जरा जोरातच.

भिंतीपलीकडे भांड्याचा आवाज थांबला. मग बेननी खिडकीतून हाक मारली, "चा मूकी छे, आवो छो ने?"